शंका आली की सोडून द्या

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत १८० प्रश्न असतात आणि ७२० गुण. उत्तर बरोबर आलं तर चार गुण मिळतात, चुकलं तर एक कापला जातो, आणि प्रश्न कोरा सोडला तर काहीच होत नाही. लातूरला उद्योग भवनाजवळच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडला श्यामनगर, बाबानगर भागात शिकायला आलेल्या मुलाला हे गणित सुरुवातीलाच समजावलं जातं. सोबत एक सल्लाही मिळतो : शंका आली की सोडून द्या. ओएमआर शीटवर बॉलपेननं भरलेला गोल खोडता येत नाही. चार-दोन गुणांनी सरकारी कॉलेजची जागा जाते आणि बापाच्या डोक्यावर आणखी एका वर्षाचा खर्च बसतो. मास्तर सावध राहायला सांगतात, यात त्यांचं काही चुकत नाही.

तरी हिशोब एकदा पुरता करून पाहावा. पर्याय चार असतात. चार प्रश्न कुणी डोळे झाकून सोडवले, तर सरासरीनं एक बरोबर येईल आणि तीन चुकतील. चार मिळाले, तीन गेले, एक उरला. म्हणजे निव्वळ अंदाजसुद्धा कोऱ्या गोलापेक्षा किंचित फायद्याचाच पडतो. चारातले दोन पर्याय बाद करता आले, तर फायदा बराच वाढतो. तरीही मुलं सोडून देतात, कारण हातातला एक गुण गेल्याचं दुःख चार गुण मिळण्याच्या आशेहून मोठं वाटतं. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हेच मांडलं होतं : शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये हरवल्याचं दुःख मनात सारख्या वजनाचं नसतं, हरवल्याचं जास्त बोचतं.

परीक्षेत या भीतीची किंमत थोडी असते. पण आमच्या या दोन जिल्ह्यांत हे गणित परीक्षेच्या खोलीतून केव्हाच बाहेर आलं आहे. कवितेच्या वहीत, एकांकिकेच्या तालमीत, चित्राच्या कागदावर, मोबाइलमध्ये अर्धवट पडलेल्या लघुपटात मला ते दिसतं. हुशार, वाचणारी, जाण असलेली पोरं-पोरी कथेची पहिली चार पानं लिहितात आणि थांबतात. चार पानं चांगली असतात. पाचवं पान तितकं चांगलं होईल याची खात्री नसते, म्हणून ते लिहिलंच जात नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘अजून मनासारखं जमंना, सर.’ परिपूर्णतेचा हा ध्यास म्हणजे कलावंताचा जन्मजात स्वभाव, असं आपण धरून चालतो आणि त्याचं कौतुकही करतो. मला ते मान्य नाही. निदान नांदेड-लातूरकडे तरी ही शिकवण आहे. आपणच ती दिली आहे, वर्षानुवर्षं, मोठ्या मायेनं आणि मोठा खर्च करून.

लातूर पॅटर्नला नावं ठेवणं सोपं आहे. मला ते करायचं नाही. रेल्वेच्या नकाशावर आडबाजूला असलेल्या, पाण्यासाठी तरसणाऱ्या, निजामी राजवटीतून उशिरा सुटलेल्या या मुलखातल्या शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, मजुरांच्या मुलांनी मुंबई-पुण्याच्या मुलांच्या पुढे नंबर काढला, ही लहान गोष्ट नव्हती. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय या संस्थांनी जादा तास, प्रश्नपत्रिकांचा सराव आणि चुका काढून पुन्हा लिहून घेणं यांची शिस्त बसवली. बोर्डाच्या मेरिट लिस्टमध्ये लातूरची नावं झळकू लागली, तेव्हा साऱ्या मराठवाड्याची मान वर झाली होती. शाहू कॉलेजचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचं नाव या पॅटर्नशी जोडलं जातं. तेच वाघमारे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य मराठीत समजावून सांगणारे अभ्यासक होते, आणि १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच झाले. त्या शिस्तीच्या मुळाशी साहित्याशी वैर नव्हतं, हे त्यांच्या कामावरूनच दिसतं.

वैर नंतर आलं, आणि ते कुणी ठरवून आणलं नाही. निकाल लागला की चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. एक चेहरा, खाली एक आकडा. त्या आकड्यामागची दोन वर्षं फ्लेक्सवर नसतात. सहामाहीत पडलेले कमी गुण, रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर आलेलं रडू, मेसचं जेवण सोडून दिलेले दिवस, यातलं काहीच तिथं नसतं. रोज त्या चेहऱ्याखालून क्लासला जाणाऱ्या मुलाला एवढंच कळतं की जगाला दाखवायचा तो शेवटचा आकडा. तोच मुलगा मोबाइल उघडतो तेव्हा तिथंही तेच असतं : कुणाचं तरी पूर्ण झालेलं चित्र, कुणाचा तरी सफाईदार आवाज, कुणाची तरी हजारोंनी पाहिलेली रील. घडण्याच्या मधल्या अवस्था नजरेआडच राहतात. मग आपली मधली अवस्था पाहून त्याला लाज वाटते.

थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या संशोधकांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक कॉलेज विद्यार्थ्यांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. १९८९ ते २०१६ या काळातल्या या चाचण्यांत परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार मोजलेले होते : स्वतःकडून धरलेला, दुसऱ्याकडून धरलेला, आणि ‘लोक माझ्याकडून निर्दोष असण्याची अपेक्षा धरतात’ या समजुतीतून आलेला. तिन्ही वाढले होते, पण तिसरा सगळ्यांत जास्त, सुमारे ३३ टक्क्यांनी. आपल्याकडे अशी मोजणी झाल्याचं माझ्या वाचनात नाही. पण ज्या शहरात मुलाच्या गुणांची चर्चा किराणा दुकानापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत चालते, तिथं हा तिसरा प्रकार कमी असेल असं मानायला मला एकही कारण सापडत नाही.

परीक्षेखेरीज आमच्याकडे भीतीचं दुसरंही एक उगमस्थान आहे, आणि ते जास्त जुनं आहे. ते म्हणजे भाषा. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज आणि वरचं शिक्षण उर्दूत होतं. मराठी घरात होती, शेतात होती, कीर्तनात होती, कचेरीत नव्हती. संस्थान मोकळं झालं तेव्हा छापील मराठी पुण्याहून तयार होऊन आली होती. तिच्यापुढे आमची बोली उभी राहिली ती थोडी खाली मान घालूनच. आजही औशाकडचा किंवा मुखेडकडचा एखादा मुलगा कथा लिहितो, तेव्हा त्याची आई चुलीपुढून सदाशिव पेठेच्या मराठीत बोलते. घरात ‘काय करलालास रे’ म्हणणारी बाई कागदावर ‘काय करतो आहेस’ म्हणते. मुलगा ते वाक्य तीनदा वाचतो, ते खोटं आहे हे त्याला आतून कळतं, पण खरं वाक्य लिहिलं तर अशुद्ध ठरेल असं वाटतं. खोटं लिहवत नाही आणि खरं लिहायची हिंमत होत नाही. अशा वेळी वही मिटते. बाहेरून पाहणारा म्हणतो, फार चोखंदळ आहे पोरगा.

लातूर तालुक्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे यांनी ही वही मिटली नाही. ‘पाचोळा’ ही त्यांची कादंबरी गावातल्या एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून सांगितली जाते, तिच्याच बोलीत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ही बाई निवेदनासाठी प्रमाण भाषेत शिरत नाही आणि संवादापुरती बोलीत परतत नाही. १९७० च्या आसपास मराठवाड्यातल्या लेखकानं अशी कादंबरी लिहून पुण्या-मुंबईच्या वाचकापुढे ठेवणं म्हणजे शंका असतानाही गोल भरणंच होतं. हे कळेल का, कुणी छापेल का, याला साहित्य म्हणतील का, या शंका त्या काळात कुणालाही आल्याच असत्या. आज ती कादंबरी मराठीतल्या महत्त्वाच्या ग्रामीण कादंबऱ्यांत गणली जाते. बोराडे २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. त्यांच्यानंतर लिहिणाऱ्या मराठवाड्यातल्या कितीतरी जणांना बोलीसाठी परवानगी मागावी लागली नाही, ती या कादंबरीमुळे.

नांदेडात बसून या विषयावर लिहायचं आणि नरहर कुरुंदकरांबद्दल लिहायचं नाही, हे शक्य नाही. मला तर वाटतं, हा सारा प्रश्नच त्यांच्यापाशी नेऊन तपासावा. १९३२ साली नांदापूरला जन्मलेला हा माणूस शिकायला हैदराबादला गेला, स्वातंत्र्याच्या लढ्यात पडला, आणि इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला. आजच्या नांदेडच्या मापानं ही एक संपलेली गोष्ट आहे. असल्या मुलाचा फ्लेक्स लागत नाही. नातेवाईक त्याच्याविषयी आवाज खाली आणून बोलतात. पण याच काळात तो साहित्यशास्त्र, इतिहास, धर्मशास्त्र, राजकारण, संगीत असं सारं वाचत होता, आणि मुख्य म्हणजे त्यावर बोलत होता. प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर म्हणून शिकवत होता, सभांत बोलत होता, मित्रांशी रात्र रात्र वाद घालत होता. पदवी नंतर आली, पीपल्स कॉलेजातली प्राध्यापकी नंतर आली, प्राचार्यपद त्याहून नंतर. आपल्याला बोलण्याचा अधिकार आहे, असं प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत ते थांबले असते, तर मराठीचं केवढं नुकसान झालं असतं!

कुरुंदकरांच्या पुस्तकांची यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. त्यातलं पुष्कळसं लेखन मुळात व्याख्यान, पत्र, प्रस्तावना किंवा कुणीतरी मागितलेला लेख म्हणून जन्माला आलं. कुणीतरी बोलावलं म्हणून ते बोलले, कुणी विचारलं म्हणून पत्र लिहिलं, मित्राचं पुस्तक आलं म्हणून प्रस्तावना लिहिली. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून छापलेलं त्यांचं दीर्घ लेखन हे देसाईंना लिहिलेलं पत्र आहे. शिवाजी महाराजांवर एक सर्वांगपूर्ण ग्रंथ लिहीन, सगळी साधनं तपासून झाल्यावर, मगच तोंड उघडेन, असा पण त्यांनी केला असता, तर तो ग्रंथही आला नसता आणि हे पत्रही. पत्राला तारीख असते आणि पलीकडे वाट पाहणारा माणूस असतो. तो माणूस आहे म्हणून वाक्य पुरं करावंच लागतं.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावर असतानाच कुरुंदकरांचं निधन झालं. पन्नाशीही पुरी झाली नव्हती. त्यांची कितीतरी पुस्तकं नंतर मित्रांनी, शिष्यांनी, प्रकाशकांनी गोळा करून छापली. अनेकांना वाटतं की त्यांनी हे सारं सवडीनं, शांतपणे, टीपा देऊन लिहायला हवं होतं. त्यांच्या मांडणीतले दोष दाखवणारे अभ्यासक आहेत, त्यांची विधानं खोडणारे आहेत. ती टीका वाचताना मला दरवेळी वाटतं की हीच त्यांच्या कामाची पावती आहे. खोडायला आधी विधान लागतं. जे विधान कधी केलंच गेलं नाही, ते कुणाला सुधारताही येत नाही.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. दर्जाचा आग्रह सोडला तर कचरा माजेल. आधीच काय कमी आहे? रोज सकाळी फोनवर येणाऱ्या चारोळ्या, पदरचे पैसे घालून छापलेले आणि कुणी न वाचलेले कवितासंग्रह, एका दुपारी उरकलेल्या शॉर्ट फिल्म. त्यात भर घालायची का? शिवाय अरुण कोलटकरांसारखा कवी समोर आहे. मराठी कवितांचं त्यांचं पहिलं पुस्तक १९७७ साली आलं आणि त्यानंतरची ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’ थेट २००३-०४ च्या सुमारास. पाव शतक थांबणाऱ्या कवीला आपण भित्रा म्हणणार का?

मुळीच नाही. कोलटकर छापायला थांबले, लिहायला थांबले नव्हते. ‘भिजकी वही’ हाती घेतली की कळतं, एवढं दांडगं काम शेवटच्या वर्षी सुचून होत नाही. चोखंदळपणा लिहून झालेल्या पानावर चालतो. त्याला काम करायला पान लागतं. मी ज्या आजाराबद्दल बोलतो आहे तो पान होऊच देत नाही. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून आपली फसगत होते. ओळखायची खूण साधी आहे. चोखंदळ माणसाकडे खोडलेली पानं असतात, पुष्कळ असतात. भ्यालेल्या माणसाकडे कोरी पानं आणि उत्तम अभिरुची असते. कुरुंदकरांची समीक्षा कठोर होती. ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीची त्यांनी किती कसून झाडाझडती घेतली आहे ते पाहावं. पण ती कठोर नजर त्यांनी स्वतःच्या जिभेवर आधीच बसवून ठेवली नाही. आधी बोलले, मग वाद झाले, मग पुन्हा बोलले.

हा क्रम आमच्या मुलखाला नवा नाही, आणि मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते याबद्दल. लातूरच्या शेजारी अंबाजोगाई. तिथले दासोपंत सोळाव्या शतकातले. त्यांची ‘पासोडी’ प्रसिद्ध आहे : सुमारे चाळीस फूट लांबीच्या जाड कापडावर लिहिलेलं, चित्राकृतींनी सजवलेलं ‘पंचीकरण’. गीतेवरचा त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा असल्याचं सांगतात. त्यांना लिहायला रोज एक ढब्बू पैशाची शाई लागायची, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो नसो, लोकांनी एका लेखकाची आठवण कशी जपली ते पाहण्यासारखं आहे. त्याला काय सुचलं, कधी सुचलं, हे त्यांनी सांगितलं नाही. रोज शाई किती लागली ते सांगितलं. सव्वा लाख ओव्यांतली प्रत्येक ओवी उत्कृष्ट नाही, हे दासोपंतांच्या चाहत्यालाही मान्य होईल. कापडावर शाईनं लिहायचं तर खाडाखोडीला फारशी जागाही नसते.

दुसरं उदाहरण नामदेवांचं. परंपरा त्यांचं गाव म्हणून हिंगोली जिल्ह्यातली नर्सी सांगते, नांदेडहून फार लांब नाही. शतकोटी अभंग रचण्याचा त्यांचा संकल्प होता, असं वारकरी सांगतात. शंभर कोटी! हा आकडा एका माणसाच्या आयुष्यात बसत नाही, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही. मग राहिलेल्याचं काय? तीनशे वर्षांनी देहूच्या तुकारामांना स्वप्न पडलं; नामदेव विठ्ठलाला घेऊन आले आणि कविता करायला सांगून गेले. तुकारामांनी स्वतःच हे आपल्या अभंगात नोंदवलं आहे. उरलेली रचना पुरी करण्याचं काम असं पुढच्या माणसाकडे आलं. आपल्या भाषेतल्या सर्वांत मोठ्या कवीची सुरुवात दुसऱ्या कुणाच्या तरी अपुऱ्या कामातून झाली, ही कल्पना आपण अभंगाइतकीच जपली पाहिजे. हेच नामदेव पुढे पंजाबात घुमानला गेले आणि तिकडच्या बोलीत, जी त्यांची मायबोली नव्हती, पदं रचली. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. १७०८ साली गुरू गोबिंदसिंगांनी याच नांदेडात त्या ग्रंथाला गुरुपद दिलं. परक्या भाषेत आपलं काही चुकेल, म्हणून नामदेव तिथं गप्प बसले नाहीत.

आणि ज्ञानेश्वरी? ती १२९० सालची. तिच्या प्रतींत पाठभेद शिरले, अपपाठ शिरले. पैठणच्या एकनाथांनी १५८४ साली ती शुद्ध करून ठेवली. जवळजवळ तीनशे वर्षांनी, दुसऱ्या माणसानं, प्रेमानं. निर्दोषपणा ही एकट्यानं, एका बैठकीत, पहिल्याच प्रयत्नात गाठायची गोष्ट आहे, हे आपल्या पूर्वजांना कधी वाटलंच नाही. परीक्षेला मात्र एकट्यानंच बसावं लागतं. शेजारच्याकडे पाहिलं तरी कॉपी. दहा-बारा वर्षं असं एकट्यानं बसायची सवय लागलेला मुलगा पुढे कवितेपाशीही एकटाच बसतो. अर्धवट कविता दुसऱ्याला दाखवणं त्याला गैर वाटतं, थोडं लाजिरवाणंही.

आता प्रेरणेविषयी. मुलं विचारतात, सुरुवात जमते, पण हुरूप टिकत नाही, काय करावं? त्यासाठी ती व्हिडिओ पाहतात, शिबिरांना जातात, मोठ्या लेखकाचं भाषण ऐकून भारावतात. आठवडाभर बरं वाटतं. लातूरकरांना २०१६ चा एप्रिल आठवत असेल. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर. त्या पाण्यानं माणसं तगली. त्याचे उपकार विसरू नयेत. पण त्या पाण्यावर कुणी पेरणी केली नाही. पेरणीला स्वतःच्या रानात मुरलेलं पाणी लागतं. बाहेरून आणलेल्या हुरुपाचंही तसंच आहे. तो अडल्या वेळी घ्यावा, त्याच्या भरवशावर हंगाम धरू नये.

मग पाणी मुरतं कशानं? मला दिसतं ते असं, की काल केलेल्या कामातून आजचं काम सुचतं. काल लिहिलेल्या फसलेल्या प्रसंगात एक म्हातारा उगाच येऊन गेलेला असतो. आज त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं. प्रसंग फसेल म्हणून काल लिहिलाच नसता, तर म्हातारा आलाच नसता. परभणीचे लेखक बी. रघुनाथ सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करत. चाळीस वर्षांचं आयुष्य, १९१३ ते १९५३, त्यात निजामी राजवटीची शेवटची, जाचाची वर्षं. एवढ्यात कविता, कथा, कादंबऱ्या असं सगळं झालं. सोय, सवड, वातावरण यांपैकी त्यांच्याकडे काय होतं?

माळेगावच्या यात्रेत मार्गशीर्षात फड उभे राहतात, तिथल्या कलावंतांकडे पाहावं. आज गळा बसला आहे, आज मूड नाही, आजचा वग अजून बसला नाही, असं म्हणण्याची सोय त्यांना नसते. लोहा, कंधार, अहमदपूरकडून माणसं आलेली असतात. पडदा वर जातो. काल जिथं लोक उठून गेले तिथं आज दोन वाक्यं कापलेली असतात. वाघ्या-मुरळीच्या जागरणाची तारीख यजमान ठरवतो, गायक नाही. ही मंडळी निर्दोषतेची वाट न पाहता तयार होत जातात, आणि वर्षानुवर्षं उभी राहतात. त्यांच्या जगण्याची ओढाताण मी विसरत नाही, तिचं उदात्तीकरणही करत नाही. पण कला तारखेला बांधलेली असली की हात कसा चालतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

गंमत वाटावी अशी गोष्ट आहे की हे सारं ट्यूशन एरियालाही ठाऊक आहे. तिथं रिपीटर बॅच असते. पहिल्या प्रयत्नात न जमलेला मुलगा पुन्हा येतो, उघडपणे येतो, घरचे त्याला डबा पोचवतात, पुन्हा एक वर्ष देतात. दुसरा प्रयत्न इथं प्रतिष्ठेचा आहे. रोजचा सराव आहे, वेळ लावून सोडवलेला पेपर आहे, मूड असो नसो बसायचं आहे, चुकांची वेगळी वही आहे. कलेला लागतं ते जवळजवळ सगळं लातूरनं कधीच तयार करून ठेवलं आहे. फक्त त्याच्या शेवटी आन्सर की ठेवली आहे, आणि कवितेला आन्सर की नसते. तेवढा एक कागद काढून घेतला, तर ही शिस्त लेखकालाही उपयोगी पडेल. कथेची रिपीटर बॅच का असू नये? एकच कथा यंदा फसली, पुढच्या वर्षी तीच पुन्हा लिहिली, आणि घरच्यांनी विचारलं, ‘काय म्हणतीय तुझी गोष्ट?’ तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

माझी एक मागणी आहे, दोन्ही शहरांतल्या कॉलेजांकडे आणि क्लासवाल्यांकडेही. कॉलेजच्या वार्षिकांकात आपण फक्त पक्की प्रत छापतो, तीही मास्तरांचा हात फिरल्यावर. त्यातल्या निदान एका कवितेचा पहिला खर्डा आणि शेवटची प्रत समोरासमोर छापावी, खोडलेल्या ओळींसकट, तारखा घालून. मागच्या बाकावरच्या मुलीला दिसू दे की बक्षीस मिळालेली कविता मार्चमध्ये किती कच्ची होती. आणि ज्या शहरांत हॉस्टेलमध्ये हजारो मुलं-मुली आपापल्या गावाहून येऊन राहतात, तिथं आठवड्याची टेस्ट संपल्यावर एक तास, एखाद्या रिकाम्या वर्गात, अपुरं काम वाचून दाखवायची बैठक ठेवावी. पुरं झालेलं आणायचं नाही, हा एकच नियम. वाचणाऱ्याला दहा मिनिटं. ऐकणाऱ्यांनी ‘छान आहे’ म्हणायचं नाही आणि ‘चुकलं’ही म्हणायचं नाही, पुढे काय होतं, एवढंच विचारायचं. अध्यक्ष नको, हार नको, बक्षीस तर नकोच. उठताना पुढच्या वेळी कोण वाचणार त्याचं नाव फळ्यावर लिहायचं आणि दिवे बंद करायचे.